घडीचं दार नापास

नापाससाहेबांना निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, पण त्यांच्याबद्दलचा लोकांचा राग अजून नोकरीतच होता. गाडी चालवायचं लायसन्स देणाऱ्या कचेरीत ते परीक्षा घ्यायचे. म्हणजे शेजारच्या सीटवर बसायचे, पट्टा लावायचे, मांडीवर पुठ्ठा आणि त्यावर कागद ठेवायचे आणि चकार शब्द न काढता समोरच्याला घाम फोडायचे. त्या कागदावर चुका लिहायला भरपूर जागा होती. बरोबर काय केलं ते लिहायला एकही रकाना नव्हता. जन्मभर तोच कागद भरल्यामुळे स्वभाव तसा झाला, की मुळात स्वभाव तसा म्हणूनच सरकारने त्यांना त्या सीटवर बसवलं, हे सांगणं कठीण आहे. पण 'चांगलं' हा शब्द त्यांच्या तोंडून कोणी ऐकलेला नव्हता. एखादी गोष्ट आवडली तर ते म्हणायचे, ठीक. मनापासून आवडली तर सरळ तक्रार करायचे.

बायको होती तोवर घरात दुभाष्याची सोय होती. भाजी जरा तिखट झाली आहे असं ते म्हणाले की ती न विचारता आणखी वाढायची. हा शर्ट टोचतो म्हणाले की त्याच कापडाचे आणखी दोन शिवून आणायची. पाहुण्यांनाही बाजूला घेऊन समजावायची, की मनावर घेऊ नका, तुम्ही त्यांना आवडलात, म्हणून तर तुमच्या टकलाबद्दल बोलले. मग ती गेली. जाण्याआधी तिने कपाटाच्या किल्ल्या कुठे आहेत ते सांगितलं, गॅसवाल्याचा नंबर सांगितला, पण नवऱ्याची भाषा कोणाला तरी शिकवायची तेवढी राहून गेली. खरं तर चिरंजीवांना ती यायला हवी होती. पण बाप बोलायला लागला की खोलीबाहेर जायचं, हे धोरण त्याने लहानपणीच ठरवून टाकलं होतं आणि त्यात त्याचं कधी काही अडलं नाही. आणि सूनबाई तर सासूच्या माघारी आलेली.

आता या दाराचं काय झालं ते ऐका.

घराच्या मागच्या खोलीत अंगणाच्या बाजूला एक भिंत होती. भिंतीत एक खिडकी, आणि शेजारी एक अरुंद लाकडी दार, जे हवा दमट झाली की फुगून बसायचं आणि लाथ खाल्ल्याशिवाय उघडायचं नाही. ही भिंतच काढून तिथे वरपासून खालपर्यंत काचेचं दार बसवायचं, असं सूनबाईच्या मनात आलं. ती एका इस्पितळाच्या तळघरात कामाला होती, जुने एक्स-रे आणि फायली जिथे ठेवतात तिथे. तळघराला खिडकी नव्हती. सकाळी आत शिरताना वरती ऊन होतं, एवढ्या माहितीवर तिला दिवस काढावा लागायचा. घरी आल्यावर तरी एक बाजू अख्खी उघडी असावी, आकाश थेट ओट्यापर्यंत यावं, एवढीच तिची हौस होती. नवऱ्याकडे तिने दुसरं काही मागितलेलंही नव्हतं.

अशी दारं दोन प्रकारची मिळतात. एक स्लायडिंग. त्यात एक काच दुसऱ्या काचेच्या मागे रुळावरून सरकते. सोपं काम, पण कितीही सरकवलं तरी अर्धी जागा बंदच राहते. दुसरं फोल्डिंग, म्हणजे घडीचं. चार झडपा बिजागऱ्यांनी एकमेकींना जोडलेल्या असतात, ढकलल्या की मिटत मिटत एका कडेला जाऊन उभ्या राहतात आणि भिंत होती की नव्हती असं होतं. सूनबाईला घडीचं हवं होतं. सुट्टीच्या दिवशी तिने फरशीवर खडूने रेघा मारल्या, मिटलेल्या झडपा कुठे उभ्या राहतील तिथे उजव्या कोपऱ्यात एक चौकोन काढला आणि त्यात ठळक फुली मारली.

नापाससाहेब फिरून आले आणि पाहतात तो ती फुली त्यांच्या खुर्चीखाली. फुलीचा एक पाय खुर्चीच्या पुढच्या पायाखालून बाहेर आलेला. खुर्ची उचलून, खाली रेघ ओढून, परत होती तशी ठेवून दिलेली होती. निदान त्यांना तरी त्यात माणुसकीपेक्षा सराईतपणाच जास्त दिसला.

त्या कोपऱ्याविषयी सांगायला हवं. खुर्चीच्या एका हाताला खिडकी होती आणि दुसऱ्या हाताला स्वयंपाकघराचं दार. दुपारभर ऊन थेट डोळ्यांवर यायचं. लाकडी दाराच्या फटीतून वारा मानेवर यायचा. स्वयंपाकघरातून अंगणात जाणारं प्रत्येक माणूस त्यांच्या पावलांवरून जायचं. या सगळ्याबद्दल नापाससाहेब रोज न चुकता बोलायचे, की उन्हाने डोळे फुटायची वेळ आली, मान धरली, या घरात कोणाला खाली बघून चालता येत नाही. आणि संध्याकाळी सूनबाई फोन खांद्यात धरून भांडी घासता घासता बहिणीशी बोलायला लागली की ते अशी मान हलवायचे, की पाहणाऱ्याला वाटावं, याच्या छळाला आता सीमा राहिली नाही.

बोलणं कसलं, धबधबा होता तो. तळघरातले मोठे साहेब शिंकण्याआधी चष्मा कसा काढतात, हरवलेली फाइल कोणाच्या डब्याखाली सापडली, लिफ्टमध्ये अडकलेल्या दोन डॉक्टरांनी एकमेकांची कशी उणीदुणी काढली, सगळं नकलांसकट. घरात मात्र ती अशी नव्हती. सासऱ्यांशी तर अगदीच मोजकं. चहा ठेवलाय. गोळी घेतली का. येते. हा सगळा माल फक्त त्या कोपऱ्यातून ऐकू यायचा, आणि नापाससाहेब वर्तमानपत्र तोंडासमोर धरून कान टवकारून ऐकत बसायचे. हसू आवरलं नाही की खोकायचे. खोकला वाढलाय, असं चिरंजीवांचं मत होतं.

थोडक्यात, बायको गेल्यानंतर त्यांना जगात जे काही हवंसं वाटत होतं ते त्या खुर्चीवरून दिसत होतं किंवा ऐकू येत होतं. ती खुर्ची हलली तर ते नुसते बसून राहणार होते, आणि नुसतं बसून राहायची त्यांना भयंकर भीती वाटायची.

त्याच सुमाराला माडीवरच्या खोलीला रंग लागला. चिरंजीव मोठ्या कौतुकाने त्यांना वर घेऊन गेले आणि म्हणाले, ही तुमची खोली. इथे ऊन येत नाही, वारा येत नाही, कोणाची ये-जा नाही आणि आवाज तर अजिबात नाही. ही सगळी सुखं नापाससाहेबांनी एकामागून एक ऐकून घेतली. म्हणजे यांनी ठरवलं तर. खाली दार उघडणार, वर म्हातारा बंद होणार. त्यांना इतकं वाईट वाटलं की क्षणभर भिंतीचा आधार घ्यावासा वाटला, पण रंग ओला होता. मला इथे यायचं नाही, असं साधं वाक्य त्यांना म्हणता आलं असतं. पण तसली वाक्यं ते कधी बोललेच नव्हते, आता कुठून आणणार. ते म्हणाले, "रंग फार पांढरा आहे." चिरंजीवांनी लगेच रंगाऱ्याला फोन लावला.

दार निवडायला तिघेही दुकानात गेले. तिथे ओळीने दारं उभी होती, घरं नसलेली. इकडून उघडलं तरी दुकान, तिकडून उघडलं तरी दुकान. गळ्यात टेप घातलेला दारवाला हसतमुखाने पुढे आला, आणि चष्म्यावरून आपल्याकडे पाहणारे हे गृहस्थ कोण ते ओळखून त्याचं हसू जागच्या जागी थिजलं. त्याला त्यांनी दोनदा नापास केलेलं होतं. बिचाऱ्याने नकळत खांदे सरळ केले.

नापाससाहेबांनी पाठीमागे हात बांधले आणि परीक्षा सुरू केली. सरकतं दार निघतानाच अडखळलं, नवशिक्याने क्लच सोडावा तसं. पुढे बरं गेलं, पण थांबताना धडकलं. मग घडीचं. त्यांनी एक बोट लावलं. चारही झडपा आवाज न करता हलल्या, एकीने दुसरीला जागा दिली, वळणावर कोणी कोणाच्या अंगावर गेलं नाही आणि सगळ्या कडेला जाऊन शिस्तीत उभ्या राहिल्या. त्यांनी पुन्हा करून पाहिलं. मुद्दाम वेडंवाकडं ढकललं. झटका देऊन मध्येच अडवलं. दार कुठे चुकेना. इतकी स्वच्छ गाडी चालवणारी माणसं त्यांना उभ्या नोकरीत फार थोडी भेटली होती.

इथे त्यांची पंचाईत झाली. लोक काहीही म्हणोत, पास व्हायच्या लायकीच्या माणसाला त्यांनी कधी नापास केलं नव्हतं. मंत्र्याच्या पुतण्याला पास केलं नव्हतं आणि स्वतःच्या मेव्हण्याशी वाकडं असूनही त्याला नापास केलं नव्हतं. त्या एका गोष्टीवर ते रात्री शांत झोपायचे. सूनबाई बाजूला उभी राहून त्या उघड्या चौकटीतून पलीकडे पाहत होती. पलीकडे नळाच्या तोट्या मांडलेलं शेल्फ होतं, पण तिच्या चेहऱ्यावरून वाटत होतं की तिला तिथे भलतंच काही दिसतंय. नापाससाहेबांनी ते पाहिलं, घसा साफ केला आणि म्हणाले, "यात बोटं चिमटतील."

तिथून जी सुरुवात झाली ती आठवडाभर चालली. बिजागऱ्या जास्त म्हणजे कुरकुर जास्त. एक झडप वाकली की चारही वाकणार. डासांची जाळी कशी लावणार? वादळात काय होईल? चोराला तर आमंत्रणच. जेवताना, चहा पिताना, दात घासताना तोंडात फेस असतानासुद्धा ते घडीच्या दाराचे दोष काढत होते. खुर्चीचं नाव त्यांनी चुकूनही काढलं नाही. फरशीवरची फुली तर जणू दिसतच नव्हती, असे तिच्यावर पाय ठेवून बसायचे.

चिरंजीवांचं मत पहिल्यापासून एकच होतं, की दोन्ही चांगली आहेत. बायकोसमोर असताना घडीचं जरा जास्त चांगलं, वडिलांसमोर असताना सरकतं. नापाससाहेबांनी त्याला एका संध्याकाळी अंगणात गाठलं आणि सहज म्हणावं तसं सांगितलं, की घडीच्या दाराच्या सगळ्या बिजागऱ्यांना तेल घालावं लागतं, वरचा रूळ शिडीवर चढून पुसावा लागतो, आणि हे काम घरातला पुरुषच करतो. चिरंजीवांनी लाकडी दाराला एक लाथ मारली, आत गेले आणि बायकोला म्हणाले, आपण सरकतंच घेऊ या का?

सूनबाई भांडली नाही. ती सासऱ्यांसमोर कधीच भांडायची नाही. तिने एकदा फुलीकडे पाहिलं, एकदा खिडकीबाहेर पाहिलं आणि मान डोलावली. त्या संध्याकाळी फोनवर बहिणीशी ती दोनच मिनिटं बोलली आणि त्यात एकही नक्कल नव्हती. नापाससाहेब जिंकले होते. त्यांना वाटत होतं तेवढं बरं मात्र वाटलं नाही.

दारवाला पक्की मापं घ्यायला आला तेव्हा भर दुपार होती. त्याने भिंतीला टेप लावली, उंची घेतली, रुंदी घेतली आणि मग सगळ्यांना विचारलं, की सरकतंच पक्कं ना, एकदा काच कापली की परत नाही. चिरंजीव म्हणाले, पक्कं. सूनबाई गुडघ्यांवर बसून ओल्या फडक्याने फरशीवरचा खडू पुसत होती. ती हो म्हणाली, आणि घरच्यांना जे सांगता येत नाही ते परक्या माणसाला सांगावं तशी वर न बघता दारवाल्याला म्हणाली, "माझं काय, मला अर्धं आकाशही चालेल. मला बाबांना या कोपऱ्यातून सोडवायचं होतं. ऊन काय, वारा काय, आमची सारखी ये-जा, त्यात माझी बडबड. रोज सांगतात बिचारे. झडपा इथे उभ्या राहिल्या असत्या तर खुर्ची आपोआप हलली असती, आणि वर निवांत बसले असते. मी ती खोली मुद्दाम सावलीच्या बाजूची निवडली."

नापाससाहेबांच्या हातातलं वर्तमानपत्र खाली आलं.

गप्प राहणं अगदी सोपं होतं. कोपरा त्यांचाच राहिला होता. दारवाला कागदावर लिहायला लागला होता. आणखी थोडा वेळ तोंड बंद ठेवलं असतं तर सगळं निभावून गेलं असतं, आणि तोंड बंद ठेवण्यात त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं. पण समोर सून फरशी पुसत होती, आणि जिला ते इतके दिवस कट समजत होते ती त्यांची काळजी निघाली होती. त्यांना स्वतःची लाज वाटली. लाज वाटली की माणूस काय करतो ते त्यांना ठाऊक नव्हतं, म्हणून ते उभे राहिले.

"घडीचं दार चांगलं आहे," ते म्हणाले.

चिरंजीव धावत आले. "बाबा, बरं वाटतंय ना? बीपीची गोळी घेतली का?"

"दुकानात ते पास झालं होतं. मी नापास केलं."

"का पण?"

दारवाल्याने लिहायचं थांबवलं. त्यालाही हे अनेक वर्षांपासून जाणून घ्यायचं होतं. नापाससाहेबांनी खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला. एवढं एकच वाक्य होतं, पण ते वाक्य बाहेर काढणं म्हणजे त्या फुगलेल्या लाकडी दाराला लाथ घालण्यासारखंच होतं.

"मला हा कोपरा आवडतो."

सूनबाईने वर पाहिलं. "आणि ते ऊन?" तिने विचारलं.

"आवडतं."

"मानेवरचा वारा?"

"तोही."

"आम्ही तुमच्या पायांवरून जातो ते?"

"कोणीतरी जातंय एवढं कळतं," नापाससाहेब म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले होते. भर दुपार होती, उन्हावर ढकलता आलं असतं, पण त्यांनी ढकललं नाही.

दारवाल्याने खाकरून सांगितलं, की मग यात अडचण काय आहे, झडपा डावीकडेही मिटतात. बिजागऱ्या त्या बाजूने घ्यायच्या, संपलं. डाव्या कोपऱ्यात चिरंजीवांची व्यायामाची सायकल होती, जिच्यावर आजवर फक्त टॉवेलांनी व्यायाम केला होता. चिरंजीवांनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं, बायकोकडे पाहिलं आणि मिटलं. दारवाल्याने मागचं खोडून घडीचं लिहिलं, पुढे बाण काढून डावीकडे लिहिलं, आणि टेप गुंडाळायला घेतली. दाराचा प्रश्न सुटला होता.

सूनबाई मात्र जागची हलली नाही. फडकं हातात तसंच होतं आणि त्याचं पाणी तिच्या मनगटावरून खाली गळत होतं.

"मी पहिल्यांदा या घरी आले तेव्हा तुम्ही याच खुर्चीत होतात," ती म्हणाली. "मी घाबरले होते म्हणून नुसती बोलत सुटले होते. तुम्ही शेवटपर्यंत एक शब्द बोलला नाहीत. मी निघाले तेव्हा एवढंच म्हणालात, मुलगी फार बोलते."

नापाससाहेबांना आठवलं.

"त्या दिवसापासून मी तुमच्यासमोर तोंड मिटून घेतलं. इतकी वर्षं वाक्यं मोजून बोलते. फोनवर बोलताना नळ सोडून ठेवते, तुम्हाला त्रास नको म्हणून. मग ते काय होतं, बाबा? तेही असंच होतं?"

चिरंजीव छताकडे पाहायला लागले. त्या वेळी आई जाऊन फार दिवस झाले नव्हते. बापलेक समोरासमोर जेवायचे आणि चमचे ताटाला लागल्याचा तेवढा आवाज यायचा. मग एके दिवशी ही मुलगी आली, आणि तासभर ते घर पुन्हा घरासारखं वाटलं होतं. ती गेल्यावर दाराची कडी लावून नापाससाहेबांना पुन्हा त्या खोलीत येववत नव्हतं.

"तू गेल्यावर मी याला विचारलं होतं," ते म्हणाले, "ती परत कधी येणार आहे?"

सूनबाईने नवऱ्याकडे पाहिलं.

"विचारलं होतं," चिरंजीव म्हणाले. "मला वाटलं, तेव्हा घराबाहेर जायचं म्हणून विचारताहेत."

"मला तुझं बोलणं फार आवडलं होतं," नापाससाहेब म्हणाले. वाक्यं आता एकामागून एक येत होती. "अजून आवडतं. मी रोज ऐकतो. त्यासाठीच तर इथे बसतो. त्या नळामुळे निम्मं कळत नाही."

सूनबाईला रडू येत होतं आणि रागही येत होता, आणि दोन्हींमध्ये राग पुढे निघाला. तिने फडकं बादलीत आपटलं.

"बसा," ती म्हणाली. "बसा तिथे. आता नळ बंद आहे."

ते बसले. तिने सुरुवात केली ती चहापासून. तुम्ही पाणचट म्हणता म्हणून मी किती पावडरी बदलल्या, ते सगळ्या दुकानदारांची नावं घेऊन सांगितलं. मग पडद्यांचा रंग, मग वाढदिवसाला आणलेला स्वेटर, जो टोचतो म्हणालात म्हणून मी दान करून टाकला, मग त्या दुपारी इस्पितळाच्या जिन्यात बसून मी कशी रडले होते, आणि तेव्हा मोठे साहेब शिंकत कसे खाली आले, ते नकलेसकट. नापाससाहेबांनी प्रत्येक गोष्टीला मान डोलावली आणि विचारलं तिथे, हो, आवडला होता, असं कबूल केलं. स्वेटरच्या वेळी त्यांना जास्त वेळ लागला. दारवाला निघायला म्हणून वळला होता तो सायकलीवर टेकला. चिरंजीव सवयीने खोलीबाहेर जायला वळले, उंबऱ्यापर्यंत गेले, तिथे थांबले आणि परत येऊन फरशीवर बायकोशेजारी बसले. तिचं अजून संपलं नव्हतं.